झाकल्या मुठीचा हिशेब

हेरखात्यात माणसे किती आणि त्यांच्यावर खर्च किती, असे कोणी विचारले की आपल्याकडे विचारणाऱ्याकडेच संशयाने पाहण्याची रीत आहे. अमेरिकेत हा प्रश्न निदान उघडपणे विचारला जातो. उत्तर मात्र तेथेही दर पिढीला बदलते. ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालक तुलसी गबार्ड यांनी आपल्या कार्यालयातील चाळीस टक्क्यांहून अधिक नोकरवर्ग कमी करून वर्षाला ७० कोटी डॉलर वाचविण्याची घोषणा केली. वस्तुतः हे कार्यालय ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर, २००४ च्या कायद्याने, निरनिराळ्या गुप्तचर यंत्रणांत मेळ घालण्यासाठीच निर्माण झाले होते. मेळ घालणारे कार्यालयच फुगत गेले, अशी टीका त्यावर होत आली आहे व ती सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. परंतु खोगीरभरती कोणती आणि आवश्यक मनुष्य कोणता, हे टक्केवारी आधी ठरवून कळत नसते.

हा धडा त्या देशाने पूर्वी एकदा भरपूर किंमत देऊन घेतलेला आहे. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला. शत्रूच उरला नाही, तर हेर कशाला पोसायचे, असा विचार प्रबळ झाला आणि त्या दशकात गुप्तचर यंत्रणांतील सुमारे एक चतुर्थांश माणसे कमी झाली. सीआयएच्या हेरगिरी विभागात १९९५ साली प्रशिक्षण संपवून दाखल झालेले नवे अधिकारी अवघे २५ होते, असे २००१ च्या हल्ल्याची चौकशी करणाऱ्या आयोगाने नमूद केले आहे. असा अधिकारी पुरता तयार होण्यास पाच ते सात वर्षे लागतात. अरबी किंवा पश्तू जाणणारा, त्या मुलखातील माणसे ओळखणारा मनुष्य सप्टेंबरात जाहिरात देऊन ऑक्टोबरात मिळत नाही. म्हणून हल्ल्यानंतर पैसा पाण्यासारखा आला तेव्हा माणसे खाजगी कंपन्यांकडून भाड्याने घ्यावी लागली. त्यांतील कित्येक तर सरकारी नोकरी सोडून कंपनीत गेलेले जुनेच अधिकारी होते! सरकारने शिकवून तयार केलेला मनुष्य सरकारनेच दुप्पट दराने परत घ्यायचा, असा हा व्यवहार. ‘दुप्पट’ ही अतिशयोक्ती नव्हे. सिनेटच्या गुप्तवार्ता समितीने २००७ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार सरकारी कर्मचाऱ्यामागे वर्षाला सुमारे सव्वा लाख डॉलर, तर कंत्राटी माणसामागे अडीच लाख डॉलर खर्च होत होता. आपल्याकडे तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक स्वस्त पडतो म्हणून नेमतात. तेथे कंत्राटी मनुष्य महाग पडूनही नेमावा लागला, एवढाच काय तो फरक.

हे आकडे आपल्यालाही घरबसल्या ठाऊक होतात, याचे कारण तेथे हिशेब मागणारी संसदीय समिती आहे. १९९७ मध्ये एका दाव्यामुळे अमेरिकी सरकारला एकूण खर्च, २६.६ अब्ज डॉलर, प्रथम जाहीर करावा लागला. २००७ पासून कायद्यानेच तो दरवर्षी सांगितला जातो. २०२४ साठी तो, लष्करी गुप्तवार्तेचा खर्च वगळून, ७६.५ अब्ज होता. या एका बेरजेवरून कोणत्या शत्रूला कोणता हेर सापडला? ब्रिटनमध्येही १९९४ च्या कायद्याने स्थापन झालेली संसदीय समिती तीन प्रमुख यंत्रणांचा खर्च तपासते.

आता आपल्या घराकडे वळू. गुप्तवार्ता विभागाची, म्हणजे आयबीची, तरतूद गृहमंत्रालयाच्या मागण्यांत दिसते. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ती सुमारे ३,८९३ कोटी रुपये होती. १९६८ मध्ये आयबीतून वेगळ्या काढलेल्या ‘रॉ’चा आकडा मात्र स्वतंत्रपणे दिसत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे खरे. पण ती खरोखर सव्वा लाखाची आहे की रिकामी, हे पाहण्याचा अधिकार कोणाला तरी हवाच. मूठ रिकामी असू शकते, ही केवळ शंका नव्हे. २०१३ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार आयबीतील २६,८६७ मंजूर पदांपैकी आठ हजारांहून अधिक पदे रिक्त होती. पदे न भरता वाचलेल्या अशा पैशाला काटकसर कसे म्हणावे?

कारगिल आणि मुंबई या दोन्ही प्रसंगी माहिती अजिबात नव्हती असे नाही. ती तुकड्यातुकड्यांनी पडून होती. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर महाराष्ट्र शासनाने नेमलेल्या राम प्रधान समितीला, केंद्राकडून आलेल्या इशाऱ्यांची छाननी करण्यात राज्यपातळीवर गोंधळ आढळला. सीमेपलीकडून खबर आणणारा हेर कादंबऱ्यांत शोभतो. आलेला कागद आधीच्या कागदाशी जोडून पाहणारा मनुष्य टेबलाशी बसलेला असतो व दिसायला साधा कारकून असतो. कपातीची कुऱ्हाड चालते तेव्हा ती पहिल्यांदा त्याच्यावरच पडते, कारण तो काय करतो हे बाहेरून दिसत नाही. २०२५ मध्ये अमेरिकेत ज्या कार्यालयावर ती पडली, तेही याच टेबलांचे होते.

आपण तर एकदा निव्वळ रागाने कपात केलेली आहे. आणीबाणीनंतर १९७७ मध्ये जनता सरकारने ‘रॉ’ला कात्री लावली. आणीबाणीत गुप्तचर यंत्रणांचा राजकीय उपयोग झाला होता, तेव्हा राग समजण्याजोगा होता. परंतु यंत्रणा लहान केल्याने तिचा दुरुपयोग थांबतो, ही समजूत चुकीची होती. लहान यंत्रणाही विरोधकांवर नजर ठेवू शकतेच, सीमेवर मात्र ती अपुरी पडते. पुढे या यंत्रणांतील कनिष्ठ कर्मचाऱ्यांनी संघटना उभारल्या. १९८० मध्ये आंदोलन झाले, काहींना बडतर्फ करण्यात आले आणि १९८५ च्या कायद्याने संघटना करणे, सभा भरविणे, वृत्तपत्रांशी बोलणे यांवर निर्बंध आले. हेरखात्यात संप चालू देता येणार नाही, हे मान्य. पण मग प्रतिनियुक्तीवर आलेला पोलीस अधिकारी आणि खात्यातच वाढलेला अधिकारी यांच्यातील बढतीचा जुना तंटा, किंवा रिकाम्या खुर्च्यांचे काम ओढणाऱ्यांचे गाऱ्हाणे, ऐकणार कोण?

उपराष्ट्रपती असताना हमीद अन्सारी यांनी जानेवारी २०१० मध्ये गुप्तचर यंत्रणांवर संसदेची देखरेख असावी, असे जाहीर व्याख्यानात सुचविले होते. २०११ मध्ये खासदार मनीष तिवारी यांनी त्यासाठी खाजगी विधेयकही मांडले. ते कायद्यात उतरले नाही. अशा समितीने हेरांची नावे विचारण्याचे कारण नाही. मंजूर पदे किती व भरलेली किती, कोणत्या भाषेचे जाणकार कमी आहेत, कंत्राटावर काय दिले आहे आणि सर्व यंत्रणांची मिळून बेरीज किती, एवढेच तिने दरवर्षी बंद दाराआड विचारावे, आणि त्यातील शेवटचा आकडा दार उघडून देशाला सांगावा.