‘पिशवी’ छापून आली तेव्हा

घाटनांदूरला आजोळी गेलं की ‘पिशवी’ या शब्दाचे दोन अर्थ होतात, हे मला फार लहानपणी कळलं. एक पिशवी बाजाराची. दुसरी ओसरीवर ज्वारी पाखडताना, आवाज खाली घेऊन, मावशीच्या तोंडून यायची. अमकीची पिशवी काढली. तमकीच्या पिशवीला सूज आहे, डॉक्टर म्हणतात काढून टाका. आम्ही पोरी जवळ गेलो की विषय पावसावर जायचा. ज्यांच्याबद्दल हे बोलणं चालायचं त्या बायका तिशी-पस्तिशीच्या असतील. मला तेव्हा त्या सगळ्या म्हाताऱ्याच वाटायच्या.

घाटनांदूर काही आडरानातलं गाव नाही. परळी–लातूर रोड मार्गावरचं हे स्टेशन. अंबाजोगाईला रेल्वे नाही, त्यामुळे तिथल्या माणसालाही गाडी धरायला इकडे यावं लागतं. पेपर येत होते. हॉटेलात एकेका पेपरची पानं सुटी होऊन चार टेबलांवर फिरायची. आजोबा रेडिओवरच्या प्रादेशिक बातम्या ऐकल्याशिवाय घास घेत नसत. उसाचा दर, साखरेचा भाव, कारखान्याची निवडणूक, तोडणीच्या दरवाढीसाठीचा संप, सगळं त्या बातम्यांत असायचं. ऊस तोडणारी बाई तेवढी नसायची. आमच्याकडे कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाने दिलेली आगाऊ उचल जोडीवर, हिशेब जोडीवर. बातमीत मात्र एकटा ‘कामगार’.

दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातल्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. पहाटे अंधारात उठून फडावर जायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन ट्रकात चढवायच्या, परत येऊन कोपीत चूल पेटवायची. न्हाणी नाही, संडास नाही. पाळीत दुखलं, पांढरं गेलं, ताप आला आणि एक दिवस बसली, तर तो खाडा. खाड्याचे पैसे उचलीत चढतात आणि पुढच्या हंगामापर्यंत पाठ सोडत नाहीत. लग्न लवकर, बाळंतपणं लवकर, विशीतच कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया. त्यानंतर पोट दुखू लागलं की ‘कॅन्सर होईल’ ही भीती घालायला कुणी ना कुणी असायचंच. एकदाची पिशवी काढली की कटकट मिटली, असं बायका एकमेकींना सांगायच्या. ऑपरेशनसाठी पुन्हा उचल घ्यायच्या आणि ती फेडायला पुन्हा फडावर. एकेका घरात सासूची, सुनेची, जावेची, सगळ्यांची पिशवी काढलेली.

मनीषा तोकले यांच्यासारख्या बीडच्या कार्यकर्त्या आणि महिला किसान अधिकार मंच हे सांगत होते. पण एप्रिल २०१९मध्ये ‘बिझनेसलाइन’ या इंग्रजी दैनिकात बातमी आली आणि मग धावपळ झाली. राष्ट्रीय महिला आयोगाने नोटीस काढली, विधिमंडळात प्रश्न आला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. दर सहा जणींमागे एक. खासगी दवाखान्यांतल्या या शस्त्रक्रियांना जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट लागली.

हा आकडा माझ्या मावशीच्या ओसरीवर वीस वर्षं पडून होता, याचं मला अजून वाईट वाटतं. तो गोळा करायला दुर्बीण लागत नव्हती. ओसरीवर बसून दोन तास ऐकावं लागत होतं आणि ऐकणारी बाई असावी लागत होती. पत्रकारितेबद्दल माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे. कॅमेरे आले तेही ‘गर्भाशय नसलेल्या बायकांचं गाव’ असा मथळा मनात घेऊनच आले. त्या गावांतल्या लग्नाच्या मुलींचा विचार कुणी केला नाही. खाडा आणि उचल हे शब्द तर बहुतेक बातम्यांच्या शेवटच्या परिच्छेदात ढकलले गेले. खरं दुखणं तिथं होतं.

तरी त्या बातमीने एक मोठं काम केलं. याआधी २०१२ साली परळीत गर्भलिंगनिदान आणि गर्भपाताचं प्रकरण उघड झालं, तेव्हाही आमचा जिल्हा देशभर गाजला. २०११च्या जनगणनेत बीडमध्ये शून्य ते सहा वयोगटातल्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. राज्यात सर्वांत कमी. परळीची ती बातमी पोलिसांबरोबर आली, म्हणून माणसं घाबरली आणि ‘चाचणी’ हा शब्द आणखी हळू बोलू लागली. २०१९च्या बातमीत गुन्हेगाराच्या आधी बाईचं दुखणं आलं. बायकांना आपलीच गोष्ट पेपरात दिसली. जे बोलायची लाज वाटायची ते छापून आलं होतं, त्यावर प्रश्न विचारता येत होते.

आता पेपरची पानं टेबलांवर फिरत नाहीत. ज्याची त्याची बातमी ज्याच्या त्याच्या हातात असते. तिचा वेग आम्ही गावातच पाहिला आहे. २० नोव्हेंबर २०२४, विधानसभेचं मतदान. परळीत एका पक्षाच्या पदाधिकाऱ्याला मारहाण झाली, तिची चित्रफीत हातोहात फिरली, आणि त्याच दिवशी घाटनांदूरच्या मतदान केंद्रात मोडतोड होऊन मतदान यंत्रं फुटली. मारहाणीला गावात पोचायला काही तास लागले. पिशवीला वीस वर्षं. मला या दोन अंतरांची भीती वाटते. कारण तोच मोबाइल आता फडावरच्या बाईकडेही आहे. कोपीतून ती रात्री घरी ठेवलेल्या लेकराचं तोंड बघते, मोळी बांधताना म्हटलेलं गाणं टाकते. तिच्या गाण्याला लाइक मिळतात. तिच्या खाड्याचं काय, हे विचारणारा तिकडच्या बाजूला अजून क्वचित भेटतो.

गेल्या वर्षी घाटनांदूरहून अंबाजोगाईला जीपने जात होते. शेजारी चाळिशीतली एक बाई, हातात सरकारी दवाखान्याची फाइल. मी काही विचारण्याआधीच ती मोठ्यानं सांगू लागली. गावातल्या एकानं पिशवी काढायला सांगितली होती. पण पेपरात आलं होतं ना, म्हणून आधी सरकारीत दाखवलं. जीप पुरुषांनी भरलेली. मी नकळत खिडकीबाहेर, आभाळाकडे पाहू लागले.

पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्यानं मान वळवली. “मग काय म्हणले डॉक्टर?”

“गोळ्या दिल्यात, बाबा. तीन महिन्यानं परत या म्हणले.”