विश्लेषण : वेल्डिंग करताना फक्त काळा चष्मा पुरेसा का नाही?

दसऱ्याच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात. त्याआधी बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांची दुरुस्ती उरकायची असते. उन्हाळ्यात पाण्याचे टँकर ठिगळ मारायला येतात. गावोगावच्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये ही कामे होतात, पण सुरक्षा म्हणजे काळा चष्मा अशीच अनेकांची समजूत असते. वेल्डिंगमधले जीवघेणे धोके मात्र बहुतेक चष्म्याच्या आवाक्याबाहेरचे आहेत.

चष्म्याने डोळे तरी वाचतात का?

पूर्णपणे नाही. आर्कमधून निघणारे अतिनील किरण बाजूनेही डोळ्यांत शिरतात, चेहरा आणि मानही भाजतात. त्यासाठी पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट किंवा हातात धरायची स्क्रीन हवी. नेहमीच्या रॉड वेल्डिंगला साधारण १० किंवा ११ नंबरची काच लागते. डोळ्यांना आर्क लागल्याचे लगेच कळत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे टोचू लागते. बटाट्याच्या चकत्यांनी फार तर गारवा मिळतो. डोळा बधिर करणारे थेंब स्वतःच्या मनाने घालू नयेत. त्यांनी दुखणे थांबते, पण बुबुळाची जखम भरायला उशीर होतो. जॉब धरणारा मदतनीस आणि बघत उभी राहणारी मुले यांनाही हाच धोका असतो.

कमी व्होल्टचा शॉक जीव घेतो का?

घेऊ शकतो. आर्क पेटलेला नसताना होल्डरवर साधारण ५० ते ८० व्होल्ट असतात. कोरड्या हाताला एखादे वेळी फक्त झिणझिण्या येतील. पण घामाने भिजलेला शर्ट, ओली जमीन किंवा लोखंडावर टेकलेली पाठ असेल तर तेवढेही पुरते. शॉक लागल्यावर वीज तोडणारा आरसीसीबी मशीनच्या आधीच्या बाजूला हवाच. मात्र होल्डरकडचा शॉक त्याला कळत नाही, कारण मशीनमधला ट्रान्सफॉर्मर दोन्ही बाजू वेगळ्या ठेवतो. म्हणून फुटका होल्डर आणि सोललेली केबल लगेच बदलावी. मशीनला अर्थिंग असावे. रॉड कोरडे चामडी हातमोजे घालूनच बदलावा, पायात चप्पल नव्हे तर बूट असावेत, बसायला कोरडी फळी घ्यावी. कुणाला शॉक लागलाच तर आधी मेन स्विच बंद करावा, मगच त्याला हात लावावा आणि १०८ वर फोन करावा.

धुराचा त्रास किती गंभीर आहे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकला. जीआय पाइप किंवा पत्र्यावर जस्ताचा थर असतो. तो जळाला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. गूळ खाल्ल्याने किंवा दूध प्यायल्याने फुप्फुसात गेलेला धूर बाहेर येत नाही. जोडाच्या जागचा थर आधी घासून काढावा, वारा बाजूने येईल असे बसावे आणि डोके धुराच्या वर धरू नये. तोंडाला बांधलेला रुमाल हा धूर अडवत नाही. त्यासाठी किमान एन-९५ दर्जाचा मास्क लागतो.

टँकर आणि डिझेलच्या टाकीत वेगळे काय?

रिकामी दिसणारी डिझेलची टाकी सर्वांत फसवी. तळाशी राहिलेले थोडे डिझेल तापले की त्याची वाफ होते आणि टाकीचा स्फोट होऊ शकतो. नुसते पाणी मारून ती सुरक्षित होत नाही. टाकी पूर्ण साफ झाल्याची खात्री नसेल तर ते काम घेऊच नये. पाण्याच्या टँकरच्या आत उतरून वेल्डिंग करताना धूर साठतो आणि श्वास कोंडतो. अशा वेळी पंख्याने ताजी हवा आत सोडावी आणि बाहेर एक माणूस कायम ठेवावा. हवा म्हणून सिलिंडरमधला ऑक्सिजन कधीही सोडू नये, कारण त्यात कपडेही भडकन पेटतात.

ठिणगी कुठवर जाते?

दहा मीटरपर्यंत सहज उडू शकते. २१ जानेवारी २०२१ रोजी पुण्याच्या मांजरी येथील सीरम इन्स्टिट्यूटच्या बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत आग लागून पाच कामगारांचा मृत्यू झाला. वेल्डिंगच्या ठिणगीने आग लागल्याचा प्राथमिक अंदाज तेव्हा व्यक्त झाला होता. बीडमध्ये कडब्याची गंजी, कापसाचा ढीग किंवा जिनिंगची शेड जवळ असली तर धोका तसाच असतो. काम संपल्यावर किमान अर्धा तास जागेवर लक्ष ठेवावे. पाणी आणि वाळूच्या बादल्या आधीच भरून ठेवाव्यात.

कायदा काय म्हणतो?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत विजेवर चालणारा ‘कारखाना’ ठरायला २० कामगार लागतात, तर ‘आस्थापना’ ठरायला साधारणपणे १०. धोकादायक म्हणून अधिसूचित झालेल्या कामांना ही अट नाही. तरीही दोन-तीन माणसांची शेड बहुधा या चौकटीबाहेरच राहते आणि तिथे तपासणीला कुणी येईलच असे नाही. म्हणून जबाबदारी शेडमालकावरच येते. हेल्मेट, हातमोजे, बूट, मास्क आणि धड होल्डर हे सगळे मिळून एका साध्या स्मार्टफोनपेक्षा कमी पैशांत येते. हंगामाच्या घाईत दुरुस्तीचे साहित्य आणताना ही यादीही सोबत न्यावी.