साडेबारा टक्के, पण कशाचे?

उरणच्या घराघरांत एक आकडा मुखोद्गत आहे : साडेबारा टक्के. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात जासई-पागोटे परिसरातील पाच शेतकऱ्यांनी प्राणार्पण केले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व त्या लढ्यातून साकारले. मात्र त्यातूनही सामाजिक सुविधांसाठी तीस टक्के वजावट होते. म्हणजे शंभर गुंठ्यांमागे प्रत्यक्षात पावणेनऊ गुंठेच हाती येतात. शेकडेवारी ऐकताच 'कशाची?' असे विचारणे, हा संख्याशास्त्राचा पहिला पाठ होय.

तथापि याच भूमीतील मुले महाविद्यालयात या विषयाशी गाठ पडताच धास्तावतात. सूत्रे घोकायची, उत्तीर्ण होण्यापुरते गुण मिळवायचे आणि परीक्षा संपताच सारे विसरायचे, हा परिपाठ झाला आहे. दोष त्यांच्या बुद्धीचा नव्हे, शिकविण्याच्या पद्धतीचा आहे.

दहा घरांचे एक उदाहरण घेऊ. नऊ घरांचे मासिक उत्पन्न पंधरा हजार आणि दहाव्याचे तीन लाख पासष्ट हजार. सरासरी निघते पन्नास हजार! मध्यक मात्र पंधरा हजारच. बंदर आले, गोदामे आली, सरासरी वाढली. पण मधल्या घराचे काय झाले? हा प्रश्न विचारण्याचे सामर्थ्य ज्या तरुणाजवळ नाही, त्याला कोणीही आकड्यांनी भुलवू शकतो.

ही विद्या आपल्याला परकी नाही. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी नजरअंदाजाच्या आणेवारीऐवजी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी शेते निवडून, तेथील पीक प्रत्यक्ष कापून उत्पन्न मोजण्याची पद्धत देशात रुजविण्यात मोठा वाटा उचलला. कोल्हापूरचे डॉ. व. शं. हुजूरबाजार यांनी पुणे विद्यापीठात संख्याशास्त्र विभागाची उभारणी केली. शेतापासून विद्यापीठापर्यंतची ही परंपरा आपली आहे.

म्हणून अध्यापकांनी फळ्यावरील सूत्रांबरोबर गावही अभ्यासास घ्यावे. चिठ्ठ्या टाकून पंचवीस-तीस घरे निवडावीत. उत्पन्न, शिक्षण, रोजगार यांची नोंद विद्यार्थ्यांनी स्वतः करावी. पालकांनीही 'किती गुण मिळाले?' याआधी 'काय मोजलेस?' असे विचारावे. ज्या गावाने एका आकड्यासाठी रक्त सांडले, त्या गावाच्या मुलांना आकडा वाचता आलाच पाहिजे.