पिशवीतल्या मातीची झडती

शहापूर आणि मुरबाडच्या पाड्यांवर राब भाजून झाले आहेत. पालापाचोळा, शेण आणि टहाळ जाळून काळे पडलेले वाफे आता पहिल्या सरीची वाट पाहताहेत. ज्यांनी धूळवाफ पेरणी केली, त्यांचं बियाणं कोरड्या मातीत पडलंसुद्धा. गेल्या आठवड्यात किन्हवलीच्या बाजूला अशाच एका राबाशी थांबले होते. वाफ्याच्या कडेने लाल मुंग्यांची रांग चालली होती आणि तिच्यात मधूनमधून भाताचा अख्खा दाणा हलत होता. वावराच्या मालकीण असलेल्या आजी अनवाणी उभ्या होत्या. त्यांनी घोट्यावरचे लाल चट्टे दाखवले आणि म्हणाल्या, “ही मुंगी चावत नाय बाय, भाजते.”

आजींनी नेमका शब्द वापरला. या जातीला जगभर आगमुंगी म्हणतात आणि शास्त्रात सोलेनोप्सिस जेमिनाटा. ती आधी जबड्याने कातडी पकडते, मग पोटाच्या टोकाची नांगी पुन्हा पुन्हा खुपसते. नांगीतल्या विषाने जागा जळजळते, सुजते, रात्रभर खाजते. ओळखायला एक खूण पुरेशी आहे. एकाच बिळातून लहानमोठ्या मुंग्या बाहेर पडतात आणि त्यांतल्या काहींचं डोकं अंगाच्या मानाने फारच मोठं, चौकोनी असतं. त्या दाणे फोडायचं काम करतात. बिळाच्या तोंडाशी बियांची टरफलं साचलेली दिसतात.

ही मुंगी मूळची आपली नाही. तिचं माहेर अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशांत. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने तिचा प्रवास उलगडला. सोळाव्या शतकात मेक्सिकोच्या आकापुल्को बंदरातून फिलिपाइन्समधल्या मनिलाकडे स्पॅनिश जहाजं जात. त्या जहाजांतल्या मातीबरोबर मुंगी आशियात उतरली आणि पुढे व्यापाराच्या वाटांनी पसरत गेली. भारतात ती इतकी रुळली आहे की तिला परकी म्हणायचंही आपण विसरलो. भेंडी, वांगी, काकडीची कोवळी अंगं ती कुरतडते, अशा नोंदी आपल्या देशात आहेत. मावा आणि पिठ्या ढेकणांच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्या किडींची राखण करतात. शहापूर-मुरबाडची भेंडी परदेशी जाते. त्या भेंडीच्या वावरात हे दुखणं किती महाग पडू शकतं, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

तरीही दिसेल ती मुंगी मारा, असं मी म्हणणार नाही. फिलिपाइन्समधल्या भातखाचरांत संशोधकांना हीच आगमुंगी तुडतुड्यांचा आणि पतंगांच्या अंड्यांचा फडशा पाडताना दिसली. कोकणात आंब्या-काजूवरची ओंबील माणसाला कडकडून चावते, पण झाडावरच्या किडींनाही जगू देत नाही. मुंग्यांच्या बिळाशी चिमूटभर पीठ-साखर टाकणारी आपली माणसं आहेत, आणि त्यांचं काही चुकत नाही. प्रश्न मुंगी या जीवाचा नाही. नव्या मुलखात आलेल्या, तिथे शत्रू न उरलेल्या आणि म्हणून बेसुमार वाढणाऱ्या मुंगीचा आहे.

असं झालं की काय होतं, हे बेटांवरच्या लोकांना विचारावं. हवाईच्या मोठ्या बेटावर १९९९ साली वासमानिया ऑरोपंक्टाटा ही जेमतेम दीड मिलिमीटरची मुंगी सापडली. ती जमिनीत राहते तशी झाडावरही राहते. फळं तोडताना, फांदी छाटताना ती अंगावर पावसासारखी पडते आणि कपड्यांच्या आत शिरून डसते. घरची कुत्री-मांजरं डोळ्यांत डंख बसून आंधळी होऊ लागली. एका वाडीतून दुसऱ्या वाडीत ती गेली ती मुख्यतः कुंडीतून आणि रोपाच्या मुळाशी बांधलेल्या मातीतून. हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटावर पिवळ्या वेड्या मुंगीने कोट्यवधी लाल खेकडे मारले. ती नांगी मारत नाही, आम्ल फवारते. ही मुंगी आपल्याही देशात आहे. २०२२ साली तमिळनाडूच्या दिंडीगुल जिल्ह्यात करंदमलैच्या जंगलाभोवतीच्या गावांनी तिचा उपद्रव सोसला. गुरंढोरं हैराण झाली, माणसांना जंगलाच्या कडेला जाणं नकोसं झालं. म्हणजे ही दुखणी समुद्रातल्या बेटांपुरती नाहीत. डोंगर, जंगल आणि धरणांच्या पाण्यामध्ये वसलेला आपला एकेक पाडा हेही एक बेटच आहे.

या बेटाचं दार आता सताड उघडं आहे. देशातल्या सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक असलेलं न्हावा-शेवा आपल्याजवळ, त्या बंदरातला माल उतरवणारी भिवंडीची गोदामं आपल्या शेजारी. मुंबई-नाशिक महामार्ग शहापुरातून जातो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला, तोही शहापूर तालुक्यातूनच. सोलेनोप्सिस इन्व्हिक्टा ही आगमुंगीची जहाल बहीण कंटेनरमधून कशी फिरते, ते जपानने २०१७ साली पाहिलं. चीनहून कोबे बंदरात उतरलेल्या कंटेनरमध्ये ती सापडली. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये ती २००१ साली दिसली आणि तिथलं सरकार आजही तिच्याशी झुंजतं आहे. त्याच वर्षी ती न्यूझीलंडमध्ये ऑकलंड विमानतळावर सापडली. तिथे मात्र वेळेत हेरली गेली, म्हणून संपवता आली. सगळा फरक पडला तो किती लवकर दिसली याने.

मुरबाड-शहापुरात शेतघरांचे प्लॉट पडताहेत. त्यांच्यासाठी ट्रक भरभरून शोभेची झाडं, हिरवळीचे तुकडे आणि लाल माती येते. पाऊस लागला की वृक्षारोपणाची रोपं येतील, शाळेच्या आवारात, गायरानावर, ग्रामपंचायतीच्या कचेरीपुढे. काळ्या पिशवीतली ती मूठभर माती कुठल्या रोपवाटिकेतून आली, तिच्यात कोण बसून आलं, हे कुणी पाहत नाही. घाणेरी आणि रानमोडीच्या बाबतीतही आपण असंच पाहिलं नव्हतं. आज त्यांच्या जाळ्यांत गुरांचा चारा गुदमरतो आहे.

तपासणी सोपी आहे. हवाईत लोक काडीच्या टोकाला शेंगदाण्याचं लोणी फासून ती कुंड्यांमध्ये खोचतात. आपल्याकडे बांबूच्या काडीला बारीक वाटलेला शेंगदाणा लावला तरी चालेल. रोपं ट्रकमधून उतरवली की सावलीत एका जागी ठेवावीत, पाच-दहा पिशव्यांत काड्या खोचाव्यात आणि तासाभराने बघावं. अंग झोंबणारी बारीक मुंगी गोळा झालेली दिसली, तर ती रोपं गावात वाटू नयेत. काडी मुंग्यांसकट बाटलीत बंद करून कृषी सहाय्यकाकडे द्यावी. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात कीटक ओळखणारी माणसं आहेत. त्यांच्यापर्यंत नमुना पोचला पाहिजे.

आणि मुंगी गावात आधीच असेल तर? तिथे आपला पहिला हात विषाकडे जातो. दुकानातून कुठलीशी पांढरी पावडर आणून बिळावर ओतली जाते, कुणी शेतातलं उरलेलं फोरेट टाकतो. फोरेटवर २०२० अखेरपासून बंदी आहे, ते अंगणात पडलं तर आधी कोंबडी मरते आणि मग रांगतं मूल धोक्यात येतं. शिवाय वरच्या चार कामकरी मुंग्या मेल्याने काही होत नाही, राणी खोल सुरक्षित असते. घाईने ओतलेल्या विषाने वसाहत जागा बदलते आणि शेजारच्या बांधावर नवं घर करते. पाणी चढलं तर आगमुंग्या एकमेकींना धरून तराफा करतात आणि तरंगत दुसरा बांध गाठतात. भातखाचरांच्या मुलखात एकट्याने लढून ही लढाई जिंकता येत नाही.

उपाय आहे तो संथ आमिषाचा. कामकरी मुंगी घन अन्न स्वतः गिळत नाही, ते घरी नेऊन अळ्यांना भरवते आणि पातळ झालेलं अन्न मग राणीपर्यंत सगळ्यांत वाटलं जातं. म्हणून आमिषातलं औषध सौम्य लागतं. जहाल असेल तर मुंगी वाटेतच मरते आणि घर शाबूत राहतं. आगमुंगीला तेलकट अन्न आवडतं, आमिष भिजलं तर वाया जातं. म्हणजे हे काम कोरड्या दिवसांत, कृषी विभागाच्या सल्ल्याने आणि सगळ्या पाड्याने एकाच आठवड्यात करायचं आहे. अर्ध्या गावाने केलं तर उरलेल्या अर्ध्यातून मुंगी परत येते.

डंख बसला तर मुंग्या ओरबाडू नका, झटकून काढा. जागा साबणाने धुवा, थंड पाण्याची पट्टी ठेवा, फोड फोडू नका. पण अंगभर गांधी उठल्या, ओठ किंवा गळा सुजला, दम लागला, भोवळ आली, तर घरच्या उपायांत एक मिनिटही घालवू नका. १०८ वर फोन करा, जवळचा दवाखाना गाठा. ही डंखाची तीव्र ॲलर्जी असते आणि तिच्यावर ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन वेळेत मिळालं तर जीव वाचतो. लावणीच्या दिवसांत प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ते हाताशी असलंच पाहिजे.

या सगळ्यासाठी नवी समिती नको. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीला जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही दिली आहे. नोंदवहीत आपण वाघाटी लिहितो, कुडा लिहितो. तिथेच एक पान बाहेरून आलेल्या जिवांचं असावं, कुठल्या पाड्यावर, कुठल्या महिन्यात दिसलं यासकट. शहापूर हा अनुसूचित क्षेत्रातला तालुका आहे, तिथल्या ग्रामसभेच्या शब्दाला वजन आहे. तपासल्याशिवाय रोप गावात उतरणार नाही, असा ठराव तिने जूनच्या आत करावा. तो शेतघरवाल्यांना लागू असावा आणि सरकारी वृक्षारोपणालाही.

आजींच्या राबाशी परत येते. राबाला आग लावताना शेजारच्या वावराच्या हद्दीवर कुणीतरी हिरवा टहाळ हातात घेऊन उभं राहतं. आग आपल्या वाफ्यात राहावी, दुसऱ्याच्या गवतात जाऊ नये म्हणून. हे कुणाला सांगावं लागत नाही, मोबदला मागावा लागत नाही. ही मुंगीही आगच आहे, आणि ती बांधावरून बांधावर जाते. राबाच्या आगीशी आपण जसे उभे राहतो, तसंच या जूनमध्ये रोपांच्या ट्रकपाशी उभं राहू या.