तेराव्या वर्षाचे दुःख कोणी गायचे?

नवी मुंबईत, वाशी-नेरूळपासून खारघरपर्यंत, बारा ते पंधरा वयाची बरीच मुलेमुली हल्ली जपानी गाणी ऐकतात. ही गाणी पुष्कळदा उदास असतात. कोणी गाव सोडून गेलेले असते, कोणी वारलेले असते, कोणी नुसतेच एकटे असते. भाषा मुलांना येत नाही. पडद्याखाली उमटणाऱ्या इंग्रजी ओळींवर त्यांचे भागते. यावर मराठी मध्यमवर्गाचा आक्षेप ठरलेला आहे : ‘या वयात कसले आले आहे दुःख? असली रडकी गाणी ऐकून पोरे खचतील.’ हा आक्षेप आम्हांस साफ चुकीचा वाटतो. दोष मुलांच्या अभिरुचीचा नाही. त्या वयासाठी काही न लिहिणाऱ्या मराठी गीतकारांचा, शाळांचा आणि या उणिवेची दखलही न घेणाऱ्या समीक्षकांचा आहे.

हे वेड आकाशातून पडलेले नाही. २००५ च्या सुमारास ‘डोरेमॉन’ हिंदीतून आपल्या दिवाणखान्यांत आला आणि एक पिढी जपानी चित्रमालिकांवर वाढली. २०१९ मध्ये माकोतो शिंकाई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ भारतीय चित्रपटगृहांत लागला, तोही येथील चाहत्यांनी सह्यांची मोहीम चालवल्यानंतर. चित्रांमागोमाग गाणी आली. केन्शी योनेझु यांचे ‘लेमन’ (२०१८) हे गाणे ते रचत असतानाच त्यांचे आजोबा वारले; गाणे मृत्यूविषयीच आहे. आजी किंवा आजोबा गमावलेल्या तेरा वर्षांच्या मुलाला त्यात काही सापडत असेल, तर ते विकृत कसे?

पण जपानची खरी शिकवण बाजारातल्या गाण्यांत नाही, शाळांत आहे. १९९१ मध्ये सैतामा प्रांतातील चिचिबु येथील कागेमोरी माध्यमिक शाळेत संगीतशिक्षिकेने निरोपासाठी एक गाणे हवे म्हणून मुख्याध्यापकांकडे शब्द मागितले. मुख्याध्यापक नोबोरू कोजिमा यांनी ते लिहिले, बाईंनी चाल लावली आणि शिक्षकांनी ते शाळा सोडणाऱ्या मुलांना गाऊन दाखवले. ‘ताबिदाची नो हि नि’, म्हणजे ‘निघण्याच्या दिवशी’, हे ते गाणे पुढे देशभरातल्या शाळांच्या निरोपसमारंभांत गाइले जाऊ लागले. एनएचके ही तेथील सार्वजनिक प्रसारणसंस्था शालेय समूहगायनाची स्पर्धा घेते. २००८ मध्ये तिच्या माध्यमिक गटासाठी अँजेला आकी या लोकप्रिय गायिकेने ‘तेगामी’ म्हणजे ‘पत्र’ हे गाणे दिले. त्यात पंधरा वर्षांची व्यक्ती आपल्या भावी स्वतःला पत्र लिहिते, आणि मोठी झालेली ती उत्तर देते. दुःख नाकारायचे नाही, त्याची टिंगल करायची नाही, त्यावर उपदेशही झाडायचा नाही. फक्त शेजारी बसायचे. सांत्वनाचा याहून प्रामाणिक प्रकार आम्हांस ठाऊक नाही.

आता आपल्या अंगणात पाहू. ‘देवबाप्पा’ (१९५३) चित्रपटातील मोराच्या गाण्यापासून आजपर्यंत मराठी बालगीत समृद्ध आहे, पण ते आठ-दहा वर्षांच्या मुलापाशी थांबते. तेथून पुढची उडी थेट प्रौढांच्या प्रेमविरहाच्या भावगीतावर. मधल्या वयाच्या वाट्याला शाळेतले समूहगीत येते, आणि त्यात देश, श्रम वा निर्धार यांखेरीज भावनाच नसते. संदीप खरे व सलील कुलकर्णी यांच्या ‘दमलेल्या बाबाची कहाणी’ने घरोघरी डोळे ओले केले, मात्र ते दुःख बापाचे आहे, मूल तेथे श्रोता आहे. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून या वयासाठी निष्ठेने निघते, हे आम्ही कृतज्ञतेने नमूद करतो. तथापि छापलेली कविता आणि चौघांनी मिळून गाता येणारे गाणे यांत अंतर आहे.

पूर्वी असे नव्हते. नवी मुंबईसाठी १९७० च्या सुमारास ज्या ९५ गावांची जमीन ठरवण्यात आली, त्यांतल्या आगरी गावांत धवलारीण धवले गाऊन लग्न लावीत असे. जात्यावरच्या ओव्यांत सासरी गेलेली पोर माहेर आठवून रडे. ती पोर अनेकदा तेरा-चौदा वर्षांचीच असे. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९९ मध्ये ‘शारदा’ रंगभूमीवर आणले, तेव्हा एका कोवळ्या मुलीचे दुःख तिच्याच तोंडून गाण्यांत मांडले. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलींच्या विवाहाचे किमान वय १४ केले. बालविवाह गेला पाहिजे होता, यात दुमत नाही. परंतु सुधारणेने लग्न आणि बालपण यांच्यामध्ये जे नवे वय निर्माण केले, त्याला आपण शाळा दिली, परीक्षा दिल्या, शिकवण्या दिल्या. गाणे दिले नाही. जुन्या ओवीची जागा रिकामीच राहिली, आणि रिकाम्या जागी कोणीतरी येतेच.

साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये ‘श्यामची आई’ लिहिले तेव्हा मुलांना रडण्याची मुभा होती. पुढे आपण त्या अश्रूंना ‘रडकेपणा’ म्हणून हिणवण्यात आधुनिकता मानली. गुरुजींना हसणारी हीच मंडळी आज जपानी गाण्यांवर नाके मुरडतात, यात आम्हांस सुसंगती दिसते, शहाणपण दिसत नाही.

दोन शंकांना उत्तर देणे भाग आहे. पहिली : ही गाणी म्हणजे विक्रीचा माल आहे. काही अंशी आहेच. पण माल खपतो तो गरज असते म्हणून, आणि ती गरज भागवण्याची आपली तयारी कोठे आहे? दुसरी : उदास मूल आणखी उदास होईल. ज्या मुलाची झोप, भूक, बोलणे उडाले आहे त्याला डॉक्टरांकडे न्यावे. गाणे हे औषध नव्हे, आणि गाणे बंद करणे हाही उपचार नव्हे. पण दुःखी असणारे प्रत्येक मूल आजारी नसते. इयत्ता आठवीत मैत्री तुटणे, घर बदलणे, वर्गात एकटे पडणे हे जगण्याचेच भाग आहेत.

सिडकोने या शहराचे सेक्टर आखले, शाळांचे भूखंड राखले. सातारा, कोकण, खानदेश येथून आलेल्यांची मुले येथे वाढली. त्यांतल्या पुष्कळांना आईबापांचे गाव परके आणि शहराला स्वतःचे गाणे नाही. म्हणून आमचे मागणे मोठे नाही. दहावीच्या निरोपसमारंभात भाषणे होतात, चित्रपटगीते वाजतात. तेथे त्याच शाळेतल्या मराठीच्या शिक्षकाने लिहिलेले, संगीताच्या बाईंनी चाल लावलेले एक तरी गाणे असावे, आणि निघण्याचे दुःख त्यात लपवलेले नसावे. कागेमोरीच्या मुख्याध्यापकांनी याहून अधिक काही केले नव्हते. तेवढे होईपर्यंत मुलांच्या कानांतली जपानी गाणी काढून घेण्याचा अधिकार आम्हां मराठी माणसांना नाही.