हौस त्यांची, अब्रू आमची?

उन्हाळ्यात आमच्या वस्त्यांतील माणसे गच्चीवर झोपतात. कित्येक घरांच्या न्हाणीला पत्र्याचा आडोसा असतो, वर छप्पर नसते. अशा घरांवरून कुणी ड्रोन उडवीत असेल तर ती निव्वळ हौस राहत नाही. आमच्या आयाबहिणींच्या अब्रूचा प्रश्न होतो. २०२४ च्या पावसाळ्यात मराठवाड्यातील गावांवर रात्री ड्रोन घिरट्या घालू लागले, तेव्हा लोकांनी रात्री जागून काढल्या, हे छत्रपती संभाजीनगर विसरलेले नाही.

२०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला चालक परवाना लागत नाही. नियमांचा सारा भर आकाशातील सुरक्षेवर आहे. खालच्या न्हाणीची काळजी कोण वाहणार?

बाबासाहेबांनी १९४७ मध्येच 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये माणूस आणि त्याचे घर यांना अवाजवी झडतीपासून संरक्षण मागितले होते. २०१७ मध्ये पुट्टास्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने मान्य केले. हा हक्क बंगलेवाल्यांची चैन नव्हे. ज्याची भिंत ठेंगणी, त्यालाच कायद्याची भिंत उंच हवी!

स्त्रीचे खासगी क्षण चोरून पाहणे वा टिपणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. परंतु अंगणात बसलेल्या कुटुंबाचे काय? दुसऱ्याच्या घरावर संमतीशिवाय कॅमेरा फिरविण्यास स्पष्ट मनाई झालीच पाहिजे.

तोवर बांधवांनो, दगड उचलू नका. वेळ टिपा, साक्षीदार जोडा, लेखी तक्रार द्या. आमची लढाई कायद्याची आहे.