गुन्हा शिळा होतो काय?

काळ हे दुःखावरचे औषध आहे, असे म्हणतात. दुःखितापुरते ते खरे असेलही. परंतु तोच काळ अपराध्याचे वकीलपत्र घेऊन न्यायालयात उभा राहू लागला, तर त्या न्यायव्यवस्थेला काय म्हणावे? जगाला मानवाधिकारांचे धडे देणाऱ्या अमेरिकेत नेमके हेच घडत आले आहे.

अमेरिकेत प्रत्येक राज्याचा फौजदारी कायदा स्वतंत्र आहे. खुनाला कोठेही कालमर्यादा नाही. मात्र बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार यांसारख्या घोर अपराधांनाही अनेक राज्यांनी खटला भरण्याची मुदत घालून दिली. ती टळली, की पुरावा कितीही भक्कम असो, न्यायालयाचे दार बंद! साऊथ कॅरोलिना आणि वायोमिंग या राज्यांत मात्र कोणत्याच गुन्ह्याला अशी मुदत नाही. म्हणजे एकाच देशात, एकाच अपराधाबद्दल, राज्याची सीमा ओलांडताच न्याय बदलतो.

या मुदतीने कोणाचे रक्षण केले, ते पाहावे. १४ ऑगस्ट २०१८ रोजी पेनसिल्व्हानिया राज्यातील ग्रँड ज्युरीचा अहवाल प्रसिद्ध झाला. सहा कॅथलिक धर्मप्रांतांतील सुमारे सात दशकांची कागदपत्रे तपासल्यावर तीनशेहून अधिक धर्मगुरूंची नावे पुढे आली. ओळख पटलेल्या पीडित बालकांची संख्या एक हजारावर गेली. वरिष्ठांनी प्रकरणे दडपली, आरोपींच्या बदल्या केल्या, हेही उघड झाले. आणि खटले किती जणांवर भरता आले? केवळ दोघांवर! काही आरोपी मरण पावले होते. उरलेल्या बहुतेकांना मुदतीच्या कायद्याने अभय दिले होते. प्रकरण दडपण्याचे बक्षीस दडपणाऱ्यांनाच मिळाले.

दुसरे उदाहरण सत्तेच्या शिखरावरचे आहे. डेनिस हॅस्टर्ट हे १९९९ ते २००७ या काळात अमेरिकी प्रतिनिधीगृहाचे सभापती होते. त्यापूर्वी ते इलिनॉय राज्यातील एका शाळेत शिक्षक आणि कुस्तीचे प्रशिक्षक होते. तेथील विद्यार्थ्यांवर त्यांनी केलेले अत्याचार उजेडात आले, तेव्हा मुदत टळून कितीतरी वर्षे लोटली होती. २०१६मध्ये त्यांना पंधरा महिन्यांचा कारावास झाला, तो मुलांच्या विटंबनेबद्दल नव्हे. एका पीडिताचे तोंड बंद ठेवण्यासाठी द्यायची रक्कम बँकेतून काढताना त्यांनी नियम चुकवले, त्याबद्दल! रोकड काढण्याचा अपराध ताजा, बालकाचे आयुष्य नासवण्याचा अपराध शिळा. या न्यायाला न्याय म्हणायचे काय?

मुदतीचे समर्थक सांगतात, की काळाबरोबर स्मृती पुसट होते, साक्षीदार मरतात, निरपराध माणसाला स्वतःचा बचाव करणे अवघड जाते. हा आक्षेप पोकळ नाही. परंतु त्याचे उत्तर न्यायालयातच आहे. गुन्हा सिद्ध करण्याचा भार फिर्यादी पक्षावर असतो, आणि संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. पुरावा दुबळा असेल, तर आरोपी सुटेल. ते न्यायाधीशाने पुरावा पाहून ठरवावे, कॅलेंडरने नव्हे. शिवाय डीएनए चाचणीमुळे जपून ठेवलेला नमुना दशकांनंतरही बोलतो. तो अपराध्याला पकडतो आणि निर्दोषाला सोडवतोही. बालकाला तर आपल्यावर काय ओढवले हे कळायला आणि ते उच्चारण्याचे धैर्य यायला अर्धे आयुष्य लागते. त्याच्या मौनाचा हिशेब आरोपीच्या खात्यात जमा करणे, हा क्रूरपणा होय.

उशिरा का होईना, तेथील राज्यांना जाग आली. कॅलिफोर्नियाने २०१६मध्ये कायदा करून बलात्काराची मुदत काढून टाकली; इलिनॉयने २०१७मध्ये आणि पेनसिल्व्हानियाने २०१९मध्ये बालकांवरील लैंगिक अत्याचारांबाबत तेच केले. परंतु या सुधारणेला एक दुखरी मर्यादा आहे. एकदा संपलेली मुदत नव्या कायद्याने पुन्हा जिवंत करता येत नाही, असा निर्णय अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने २००३मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी दिला. त्यामुळे विधिमंडळांनी चर्चेत दवडलेल्या प्रत्येक वर्षी कितीतरी अपराधी कायमचे निसटले.

भारतात चित्र निराळे आहे. १८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत मुदतीची सर्वसाधारण तरतूदच नव्हती. ती १९७३च्या संहितेने आणली, तीही किरकोळ गुन्ह्यांपुरती. तीन वर्षांहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्याला कालमर्यादा नाही. २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनेही ही चौकट कायम ठेवली. म्हणूनच १९८४च्या शीख हत्याकांडातील एका प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालय १७ डिसेंबर २०१८ रोजी, चौतीस वर्षांनंतर, सज्जनकुमार यांना जन्मठेप सुनावू शकले. मुदतीचा अडसर असता, तर ते निकालपत्र लिहिलेच गेले नसते.

तथापि गाफील राहून चालणार नाही. गुन्हा किरकोळ कोणता, हे शिक्षेच्या आकड्यावरून ठरते. स्त्रीच्या विनयभंगाला २०१३पर्यंत कमाल दोन वर्षांची शिक्षा होती. म्हणून तीन वर्षे उलटली, की तक्रार मुदतबाह्य! त्या वर्षी शिक्षा पाच वर्षांपर्यंत वाढली, तेव्हाच हा अडसर दूर झाला. आणि जी मुदत कायद्याने घातलेली नाही, ती आपली दिरंगाई घालते. रेल्वेमंत्री ललितनारायण मिश्र यांची हत्या जानेवारी १९७५मधली. सत्र न्यायालयाचा निकाल लागला डिसेंबर २०१४मध्ये. चाळीस वर्षे! अशा विलंबात साक्षीदार मरतात, कागद कुजतात आणि कायद्यात नसलेली मुदत प्रत्यक्षात लागू होते.

घोर अपराध शिळा होत नाही, हे तत्त्व भारतीय कायद्याने जपले आहे. त्याला तपासयंत्रणेच्या तत्परतेची जोड देणे हे शासनाचे कर्तव्य आहे. आणि उशिरा बोलणाऱ्या पीडिताला ‘इतकी वर्षे गप्प का होतास?’ असे न विचारता त्याच्या पाठीशी उभे राहणे, हे समाजाचे.